कोयनानगर: पाणी कुणीकडे गेलं?



आजचा विषय कोयनानगर आणि आसपासचा मुलूख. ऐतिहासिक गावांच्या ओळीत कोयनानगर बसवलं की पुष्कळांच्या भुवया उंचावतात. इथे ना वाडा, ना वेस, ना हेमाडपंती देऊळ. त्यापेक्षा वाई घ्या, कराड घ्या, नाहीतर जवळचं पाटण घ्या, असं कुणीही म्हणेल. शंका रास्त आहे. कोयनानगर ही धरणाच्या कामासाठी उभारलेली वसाहत. तिचं वय जेमतेम सत्तर वर्षं. बहुतेक पाहुणे पावसाळ्यात येतात, ओझर्डे धबधबा पाहतात, नेहरू उद्यानातून धरणाची भिंत न्याहाळतात, भजी खातात आणि संध्याकाळी कराडच्या नाहीतर चिपळूणच्या वाटेला लागतात.

तरीही आम्ही हे गाव मुद्दाम निवडलं. महाराष्ट्र राज्य कसं उभं राहिलं, त्याची किंमत कुणी मोजली आणि तिचा हिशेब अजून का मिटलेला नाही, हे इतक्या थोड्या जागेत दाखवणारं दुसरं ठिकाण आम्हाला तरी ठाऊक नाही. सगळा परिसर आज आपण एकच प्रश्न धरून पाहणार आहोत. इथलं पाणी मुळात कुठे जात होतं, ते कुठे वळवलं आणि त्याच्यामागून कोण कुठे गेलं?

नदीचं वळण

सुरुवात नदीपासून. कोयना उगम पावते महाबळेश्वरला, कृष्णेच्या शेजारीच. पण तिथून दोघींच्या वाटा वेगळ्या होतात. कृष्णा वाईकडे उतरते. कोयना सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर, सरळ दक्षिणेला धावते. साधारण 65 किलोमीटर अशी गेल्यावर हेळवाकपाशी ती एकदम काटकोनात पूर्वेला वळते आणि पाटणवरून कराडला येते. तिथे पुन्हा कृष्णा भेटते, तो प्रीतिसंगम. एकाच डोंगरावरून निघालेल्या दोन बहिणी इतका फेरा घेऊन कराडला एकमेकींना भेटतात. पुढे हे पाणी सांगलीवरून कर्नाटकात, तिथून आंध्रात आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं.

आता हेळवाकच्या वळणावर उभं राहून पश्चिमेला पाहा. डोंगराची एक रांग ओलांडली की खाली कोकण. अरबी समुद्र इथून हाकेच्या अंतरावर म्हणायला हरकत नाही, पण नदी त्याच्याकडे पाठ करून शेकडो किलोमीटर दूरच्या समुद्राकडे निघते. इथे वर्षाला साधारण 5000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि साठेक किलोमीटरवरच्या कराडला त्याचा लहानसा हिस्सा. म्हणजे भरपूर पाऊस, लांबट अरुंद खोरं आणि शेजारीच पावणेपाचशे मीटरचा सरळ उतार. ही रचना ज्याच्या लक्षात आली, त्याला पुढच्या इतिहासाची गुरुकिल्ली मिळाली.

धरणाआधीचा मुलूख

कोयनानगर नवं असलं तरी त्याच्याखालची वाट जुनी आहे. कुंभार्ली घाट हा कोकण आणि देश यांना जोडणारा जुना मार्ग. बहमनी आणि आदिलशाही काळात दाभोळ हे मोठं बंदर होतं. तिथला माल वाशिष्ठीच्या खोऱ्यातून चिपळूणला, तिथून घाट चढून हेळवाक, पाटण, कराड आणि पुढे विजापूरकडे जाई. आज गुहागर-विजापूर म्हणून जो रस्ता ओळखला जातो, त्याच्या दोन टोकांची नावं वाचली तरी या जुन्या व्यापाराची दिशा कळते.

वाट आली की पहारा आलाच. नवजाच्या जंगलातला जंगली जयगड, दक्षिणेचा भैरवगड, पाटणजवळचा दातेगड हे सगळे त्या वाटांचे राखणदार. दातेगडावर खडकात खोदलेली तलवारीच्या आकाराची पायऱ्यांची विहीर आहे. कातळ फोडून पाणी गाठणाऱ्या त्या कारागिरांचं एकही नाव आपल्याला माहीत नाही. पुढे धरणाच्या मजुरांबद्दल बोलू, तेव्हा ही गोष्ट आठवा.

खोऱ्याच्या वरच्या अंगाला वासोटा. शिवकाळात त्याचं नाव व्याघ्रगड झालं. दाट जंगलातला, वस्तीपासून तुटलेला हा गड कैदी ठेवायला सोयीचा होता आणि तसाच तो वापरला गेला. पेशवाईच्या उत्तरार्धात इथे एक विलक्षण प्रसंग घडला. पेशव्यांनी औंधच्या परशुराम प्रतिनिधींना कैद केलं. तेव्हा त्यांची बाजू घेऊन ताई तेलीण ही बाई वासोट्यावरून पेशव्यांच्या फौजेशी लढली. समोर होता बापू गोखल्यांसारखा सेनापती. तरीही काही महिने तिने गड झुंजवला. दुसरा प्रसंग 1818 चा. इंग्रज-मराठा युद्धात सातारच्या छत्रपतींच्या घराण्यातली माणसं आणि पकडलेले दोन इंग्रज अधिकारी वासोट्यावर ठेवले होते. एप्रिल 1818 मध्ये इंग्रजांनी तोफा आणून गड घेतला. ज्या गडावर जायला आज बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडावा लागतो, त्याच्या पायथ्याशी त्या वेळी पाणी नव्हतं. नदीकाठची भातखाचरं आणि वाड्यावस्त्या होत्या. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा, कारण पुढे जे बुडालं ते हेच.

या मुलखाची आणखी एक बाजू समर्थ रामदासांची. चाफळचं राममंदिर पाटण तालुक्यातच आहे आणि हेळवाकजवळची रामघळ समर्थांच्या वास्तव्याची जागा म्हणून लोक दाखवतात. एकूण काय, खोरं दुर्गम होतं, पण ते इतिहासाच्या बाहेर नव्हतं.

पाणी पश्चिमेला

20व्या शतकाच्या सुरुवातीला टाटांनी मावळात जलविद्युत प्रकल्प उभे केले. तत्त्व साधं होतं. घाटमाथ्यावर पाणी अडवायचं, बोगद्यातून किंवा नळांतून कोकणात सोडायचं आणि पडणाऱ्या पाण्यावर वीज करायची. त्याच काळात कोयनेचीही पाहणी झाली. पण पैशांअभावी योजना कागदावरच राहिली. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने ती पुन्हा हाती घेतली आणि 1950च्या दशकात प्रत्यक्ष काम सुरू झालं.

तारखांचा एक मेळ इथे लक्षात घेण्याजोगा आहे. काम सुरू झालं तेव्हा राज्य होतं मुंबई. मग 1956 मध्ये द्वैभाषिक झालं. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र जन्माला आला आणि 1962 मध्ये पोफळीच्या भूमिगत वीजगृहातलं पहिलं जनित्र फिरू लागलं. नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडचे, म्हणजे याच नदीच्या काठचे. कोयना ही महाराष्ट्राची वरदायिनी, हे विशेषण तेव्हापासून रुळलं, आणि ते पोकळ नव्हतं. कारखाने हवेत तर वीज हवी, आणि वीज इथून येणार होती.

यंत्रणा समजून घेऊ. इथे सुमारे 800 मीटर लांब आणि 103 मीटर उंच भिंतीने नदी अडवली आहे. मागे पन्नासेक किलोमीटर लांब पसरलेला शिवसागर. त्याची मूळ क्षमता 98.78 टीएमसी होती. पुढे दरवाजांची उंची वाढवल्यावर ती 105.25 टीएमसी झाली. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, हे सातारा-सांगलीच्या श्रोत्यांना सांगायला नकोच. तिथली शाळकरी पोरंसुद्धा ऑगस्टमध्ये रोज धरणाचा आकडा विचारतात.

पण वीज बनते ती मुख्यतः भिंतीपाशी नाही. नवजाजवळ जलाशयाचं पाणी बोगद्यात शिरतं, डोंगराच्या पोटातून पश्चिमेला जातं आणि पोफळीला सरळ खाली कोसळून जनित्रं फिरवतं. तेच पाणी पुढे कोळकेवाडीला पुन्हा अडवतात आणि अलोऱ्याच्या वीजगृहातून दुसऱ्यांदा वीज काढतात. मग ते वाशिष्ठीतून चिपळूणवरून अरबी समुद्राला मिळतं. चौथ्या टप्प्यासाठी 13 मार्च 1999 रोजी भरल्या जलाशयाच्या तळाला बोगद्यातून स्फोट करून छिद्र पाडलं. त्याला लेक टॅपिंग म्हणतात. 25 एप्रिल 2012 रोजी तसंच दुसरं काम झालं. सगळे टप्पे आणि पायथ्याचं वीजगृह धरून स्थापित क्षमता 1960 मेगावॅट आहे. संध्याकाळी राज्यभर दिवे लागतात आणि मागणी एकदम चढते, तेव्हा काही मिनिटांत वीज देऊ शकणारा असा प्रकल्प हाताशी असणं फार मोलाचं असतं.

म्हणजे लाखो वर्षं पूर्वेला जाणाऱ्या नदीचं बरंचसं पाणी माणसाने पश्चिमेला वळवलं. इथून पुढे या गावाच्या गोष्टीला तीन फाटे फुटतात. एक जमिनीखालचा, एक माणसांचा, एक पाण्याच्या हक्काचा.

11 डिसेंबर 1967

सोमवारची पहाट, 4 वाजून 21 मिनिटं. डिसेंबरची थंडी, लोक गाढ झोपेत. 6.3 तीव्रतेचा धक्का बसला. कोयनानगर वसाहतीतली 80 टक्क्यांहून जास्त घरं पडली किंवा मोडकळीला आली. आसपासच्या गावांत दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. दोनशेच्या आसपास माणसं गेली, दीड हजारांहून जास्त जखमी झाली. धक्का मुंबई, पुणे, गोव्यापर्यंत जाणवला.

हा भूकंप संपूर्ण अनपेक्षित होता, असं म्हणता येत नाही. जलाशय भरू लागल्यापासून या भागात जमिनीतून गुरगुर ऐकू येत असे आणि लहान धक्के बसत. त्यासाठी भूकंपमापकही बसवले होते. त्याच वर्षी 13 सप्टेंबरला एक मोठा धक्का येऊन गेला होता. पण दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, भक्कम खडक, इथे मोठा भूकंप व्हायचा नाही, ही त्या काळच्या शास्त्राची धारणा होती. धरणाचा आराखडाही त्याच हिशेबाने केलेला. गुरुत्वीय त्वरणाच्या 0.05 पट हादरा बसेल असं गृहीत धरलं होतं. धरणातल्या यंत्राने त्या पहाटे नोंदवलेला सर्वांत मोठा आकडा होता 0.63 पट.

धरण टिकलं. भिंतीचा उतार वरच्या भागात जिथे एकदम बदलतो, त्या पातळीवर आडव्या भेगा पडल्या, पण भिंत फुटली नाही. फुटली असती तर पाटण, कराड, सांगली यांचं काय झालं असतं, याची कल्पनाही करवत नाही. नंतर भेगा बुजवल्या आणि मागून काँक्रीटचे आधार देऊन भिंत बळकट केली. त्या पहाटेची यंत्रावरची नोंद पुढे जगभरच्या धरण-अभियंत्यांच्या अभ्यासाचा भाग झाली. नव्या धरणावर भूकंपाचा परिणाम काय होईल हे तपासायची गणितं आजही कोयनेच्या आकड्यांवर पारखून घेतात.

प्रश्न उरला तो कारणाचा. धरणामुळे भूकंप झाला का? इथे शब्द जपून वापरायला हवेत. खडकात ताण आधीपासून साठलेला असतो, जुने भ्रंश असतात. जलाशयाचं वजन आणि त्याहून जास्त म्हणजे खडकांच्या भेगांत खोलवर शिरणाऱ्या पाण्याचा दाब त्या भ्रंशाची पकड सैल करतो. म्हणजे बंदूक भरलेली होती, पाण्याने चाप ओढला. अमेरिकेत मीड सरोवराच्या बाबतीत असं काहीसं 1930-40च्या दशकांत लक्षात आलं होतं. 1960च्या दशकात चीनमधलं शिनफेंगच्यांग, आफ्रिकेतलं करिबा आणि ग्रीसमधलं क्रेमास्ता इथे जलाशयांजवळ मोठे भूकंप झाले. त्या सगळ्यांत कोयनेचा मोठा. भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयाचा अभ्यास दशकानुदशकं केला. कोयनेत आजही धक्के बसतात, आणि ते जलाशयाच्या भरण्या-उतरण्याशी जोडलेले दिसतात. तेही 20 गुणिले 30 किलोमीटरच्या लहानशा पट्ट्यात. त्यामुळे भूकंप जिथे जन्मतो तिथेच जाऊन पाहायला ही जागा जगात सोयीची ठरली. कराडजवळ केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. 2017 मध्ये गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विवर खोदून झालं. काळा बसाल्ट सव्वा किलोमीटरवर संपतो आणि खाली ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागतो, हे तिथे प्रत्यक्ष हाती आलं.

शास्त्राला मिळालेलं हे ज्ञान मोठं आहे. पण ज्यांच्या अंगावर भिंती पडल्या त्यांनी ते मागितलं नव्हतं, एवढंही त्यासोबत लिहून ठेवावं.

जे उठले ते कुठे गेले?

दुसरा फाटा माणसांचा. शिवसागराखाली आणि त्याच्यामुळे शंभराच्या आसपास गावं विस्थापित झाली. हजारो कुटुंबं उठली. नदीकाठची सपाट, गाळाची भातजमीन बुडाली. काही लोक डोंगरावर सरकले. बाकीचे रायगड, ठाणे, रत्नागिरी, सोलापूर, सांगली अशा जिल्ह्यांत विखुरले. पाच हजार मिलिमीटर पावसात नाचणी-भात करणारा शेतकरी सोलापूरच्या उन्हात गेला, तर त्याला शेती पहिल्यापासून शिकावी लागते. भावकी फुटली. ग्रामदैवताची जत्रा कुठे भरवायची हासुद्धा प्रश्न झाला.

आणि इथे एक कायदेशीर तपशील आहे, तो पाठ करून ठेवावा असा. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा पहिला कायदा आला 1976 मध्ये. कोयनेची गावं त्याच्या आधी दीड दशक उठली होती. त्यामुळे हक्क म्हणून काय मिळायला हवं हे सांगणारा कायदाच त्यांच्या हातात नव्हता. जे मिळालं ते सरकारी आदेश आणि अधिकाऱ्याची मर्जी यांवर. 2018 मध्ये डॉ. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दल यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्तांनी कोयनानगरला ठिय्या दिला, तेव्हा धरणाला अर्धशतक उलटून गेलं होतं. आंदोलनात नातवंडांची पिढी बसली होती.

पाण्याच्या वर उरलेल्यांचंही सोपं झालं नाही. कांदाटी खोऱ्यासारख्या भागाची बाहेरच्या जगाशी वाट तुटली आणि लाँच हेच एस.टी. झालं. दवाखाना, शाळा, बाजार, सगळं पाण्यापलीकडे. 1985 मध्ये कोयना अभयारण्य जाहीर झालं, 2010 मध्ये कोयना आणि सांगली बाजूचं चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव लागलं. जंगल वाचलं ही आनंदाची गोष्ट. पण जंगलासाठी पुन्हा काही गावं उठली. वासोट्याच्या पायथ्याचं मेट इंदवली आज ओसाड आहे. आणि जुलै 2021 च्या पावसात मिरगाव, आंबेघर, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आले. नदीकाठची जमीन गेली की वस्ती उताराला सरकते, हे अशा वेळी विसरता येत नाही.

आणखी एक दिशा आहे, मुंबईची. धरणाच्या आधीपासून या खोऱ्यातली माणसं मुंबईला गिरणीत, गोदीत, बाजारात पोटासाठी जात होती. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. 1969 चा माथाडी कायदा हा त्या चळवळीचा विजय. पाठीवर गोण वाहणाऱ्या माणसाला वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि रजा मिळू लागली. आता जोडून पाहा. या खोऱ्याची वीज पश्चिमेला गेली, पाणी पश्चिमेला गेलं आणि घाम गाळायला माणसंही पश्चिमेलाच गेली. मुंबई-कोल्हापूर रेल्वेगाडीला कोयनेचं नाव आहे, पण ती गाडी कोयनानगरला येत नाही. कराड स्टेशनावर उतरून एस.टी. धरावी लागते.

पाणी कुणाचं?

तिसरा फाटा हक्काचा. कृष्णेच्या पाण्यावर महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांचा वाद. बच्छावत लवादाने 1970च्या दशकात निवाडा देताना कोयनेतून पश्चिमेकडे वर्षाला किती पाणी वळवायचं याला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली. म्हणजे वीज हवी तर पाणी पश्चिमेला, आणि पूर्वेला माण, खटाव, जत, आटपाडी, सांगोला हे दुष्काळी तालुके वाट पाहत उभे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना कृष्णेचं पाणी उचलून तिकडे नेतात. त्यांना उन्हाळ्यात कोयनेतून सोडलेल्या पाण्याचा मोठा आधार असतो. गंमत अशी की पाणी पश्चिमेला पडून वीज देतं, आणि पूर्वेला उचलायला वीज खातं.

पावसाळ्यात हाच प्रश्न उलटा होतो. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत सांगलीकरांनी कोयनेच्या दरवाजांकडे डोळे लावले. 2021 मध्ये चिपळूण बुडालं, तेव्हा कोळकेवाडीच्या पाण्याचीही चर्चा झाली. एकाच तलावाकडे दोन उतारांवरची माणसं उन्हाळ्यात आशेने आणि पावसाळ्यात धास्तीने पाहतात.

कसं पाहावं?

आता शेवटचं, थोडं व्यवहाराचं. हा मुलूख पाहायचा तर आम्ही नदीच्या उलट दिशेने जायचं सुचवतो. पहिल्या दिवशी कराडच्या प्रीतिसंगमावरून निघा. तिथे यशवंतरावांची समाधी आहे. पाटणला थांबून दातेगड चढा, तलवार विहीर पाहा. वेळ असेल तर चाफळ. संध्याकाळपर्यंत हेळवाक गाठा आणि नदीचं वळण पायी पाहा. गाडीतून ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्यानातून धरण बघा. सुरक्षेमुळे भिंतीवर जाता येत नाही, पण उतार कुठे बदलतो ते लांबूनही ओळखू येतं. वसाहतीत हिंडा. मग कुंभार्ली घाट उतरून पोफळी, कोळकेवाडी, अलोरे करत चिपळूणला वाशिष्ठीच्या पुलावर या. वीजगृहांत विनापरवानगी प्रवेश नाही, पण बाहेर पडणारं पाणी दिसतं. काल कराडला जी नदी पूर्वेला जाताना पाहिली, तिचंच पाणी इथे पश्चिमेला चाललेलं असतं. हा प्रवास नकाशावर बोट फिरवून होत नाही.

वासोट्यासाठी वेगळा दिवस काढा. सातारा, कास, बामणोली असं जावं लागतं. वनखात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात बंद असतं. लाँच मधोमध आली की खाली काय होतं हे नावाड्याला विचारा. बहुतेकांना वडिलांनी, आजोबांनी सांगितलेली गावांची नावं ठाऊक असतात.

आणि एक विनंती. कोयनानगरला चहाच्या टपरीवर, एस.टी.त, शेजारी एखादी वयस्कर आजी किंवा बाबा बसले असतील तर "तुमचं मूळ गाव कुठलं?" एवढंच विचारा आणि ऐका. 1967 ची पहाट आठवणारी, उठलेल्या गावात जन्मलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. धरणाचे आकडे कागदोपत्री राहतीलच. बुडालेल्या गावातली विहीर कुठे होती, पिकं कोणती होती, जत्रा कधी भरायची, हे मात्र त्यांच्याबरोबर जाईल. फोनमध्ये त्यांच्या परवानगीने पंधरा मिनिटं ध्वनिमुद्रण करा. गावाचं नाव, बोलणाऱ्याचं वय आणि तारीख लिहून ठेवा. शाळेच्या, कॉलेजच्या इतिहासाच्या शिक्षकांनी तर हा मुलांना प्रकल्पच द्यावा.

कोयनानगरला जुना वाडा नाही हे खरं. पण आपल्या घरातलं बटण दाबलं की जो दिवा लागतो, त्याच्या उजेडाचा काही भाग या खोऱ्यातून आलेला असतो. तो कुणाच्या भातखाचरावरून आला, हे विचारणं हाही इतिहासाचाच अभ्यास आहे.

 आता प्रश्न घेऊ. श्रोत्यांत कोयना खोऱ्यातलं कुणी असेल तर त्यांनी प्रश्न विचारण्याआधी आपल्या गावाचं नाव जरूर सांगावं.